अप्पांचं इष्टलिंग आणि महादेवीचा नियम

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात महादेवी साधी सुपरवायझर होती तोवर बरं चाललं होतं. मग मालकांनी तिला ट्रेनिंगला पुण्याला धाडलं आणि ती सुरक्षा अधिकारी होऊन परत आली. आता घरीसुद्धा कुकरपासून दोन हात लांब उभी राहून नवऱ्याला दरडावते, “वाफ गेल्याबिगर झाकणाला हात लावायचा न्हाय!”

पण तिची भीती खोटी नव्हती. गेल्या महिन्यात एकाचं उपरणं मागाच्या रोलरमध्ये ओढलं गेलं. उपरणं जुनं होतं, फाटलं, म्हणून मान वाचली. दुसऱ्या दिवशी महादेवीनं सगळ्यांना कारखान्याच्या आवारात उभं केलं.

“सोमवारपास्नं गळ्यात काय म्हंजे काय न्हाय! उपरणं न्हाय, साखळी न्हाय, दोरा न्हाय. दिसलं तर त्यानं मागाला हात लावायचा न्हाय.”

“देवाचंबी न्हाय?” मागून आवाज आला. गुरुबसप्पांचा. हे कारखान्यातले सगळ्यात जुने जॉबर. बिघडलेल्या मागावर ओणवं होऊन त्याला बरं करणारे. गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी, तिच्यात लिंगायतांनी कायम अंगावर बाळगायचं इष्टलिंग. दीक्षेपासून ते अंगावरून उतरलेलं नव्हतं, अंघोळीलासुद्धा.

“नियम सगळ्यांना सारखा, अप्पा.”

“मग सोमवारपास्नं मी घरी. लिंग उतरवून मी जॉबर कशाला, माणूसबी न्हाय ऱ्हायचो.”

महादेवीला आपले वडील आठवले. तेही लिंग कधी उतरवायचे नाहीत. शिलाई विभागातली निंगव्वा तोंडाची फटकळ. “म्हादेवी, अप्पा गेल्यावर बंद पडलेल्या मागाफुडं तू भाषान करणार व्हय?”

दुपारी महादेवी अप्पांना समजवायला गेली, मागोमाग निंगव्वाही. माग बंद होता. “हितं बघा अप्पा, तुमी आसं वाकता, की डबी थेट...” म्हणत ती स्वतः वाकली. तिच्या गळ्यातली रुंद निळी फीत झोका घेऊन रोलरवर जाऊन पडली. टोकाला ओळखपत्र, फितीवर छापलेलं ‘सुरक्षा प्रथम’.

अप्पांनी कार्ड दोन बोटांत उचललं. अगदी गंभीरपणे विचारलं, “ह्यो कंचा देव म्हनायचा?”

निंगव्वाला हसू आवरेना. ‘हा कंपनीचा नियम आहे’ हे वाक्य महादेवीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच माघारी फिरलं. तिनं फीत काढली, कार्ड खिशाला लावलं.

“चुकलं माजं, अप्पा. उद्यापास्नं कुणाचंच कार्ड गळ्यात न्हाय.”

पुण्याच्या गारेगार खोलीत नेतृत्वावर ती पोटभर ऐकून आली होती. चूक कबूल करायची स्लाइड तेवढी त्यात नव्हती.

अप्पा जरा विरघळले. मग तीच म्हणाली, “आता तुमीच सांगा. उतरवायचं न्हाय, अन् लोंबूबी द्यायचं न्हाय. कसं करावं?”

“अंगाला चिकटून ऱ्हायलं तर?”

निंगव्वानं त्यांच्या बनियनला आतून, छातीशी कप्पा शिवला. अप्पांनी दोरा आखूड करून घेतला, पण कप्पा बघून बिनसलंच. “लिंग काय पाकीट हाय व्हय, खिशात घालाया?”

“खिसा कुटं म्हंता? गाभारा हाय की तो!” निंगव्वा म्हणाली. “अन् वरून ॲप्रनचं दार.”

सोमवारी सोलापूरच्या उन्हाळ्यात गळ्यापर्यंत ॲप्रनच्या गुंड्या लावून, घामानं निथळत अप्पा मागासमोर उभे राहिले. महादेवीनं वाकायला लावलं. वाकले. डावीकडं, उजवीकडं, अगदी रोलरच्या तोंडाशी. काही बाहेर आलं नाही.

“बास का? का सर्कशीत भरती करतीस?”

“बास. लावा माग, अप्पा.”

खटखट सुरू झाली. महादेवी वळते न वळते तोच त्या आवाजावरून अप्पांचा आवाज चढला. शेजारच्या मागावरच्या शिवूनं उकाड्यामुळं ॲप्रनची वरची गुंडी सोडली होती, गळ्याशी कापड लोंबत होतं.

“ए शिवू! वरची गुंडी लाव आदी. मी काय हौसेनं शिजतोय व्हय हितं?”