मिस्त्रीनं न विचारता बसवलेले ब्रेक

वडिलांच्या जुन्या मोटारीचं इंजिन नव्यानं बांधायचं ठरवलं, तेव्हा महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी पुरता तज्ज्ञ झालो होतो. लातूरच्या मेकॅनिकांनी माझं ज्ञान ऐकून हात जोडले आणि उदगीरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याचं नाव मी विचारलं नाही. तज्ज्ञ माणसं असलं काही विचारत नाहीत.

मोठा कार्बोरेटर लावून ताकद कशी वाढते, यावर मी त्याला व्याख्यान दिलं. तेवढ्यात त्यानं लांब पान्याचं एक टोक चालू इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. व्याख्यान त्याच्या दुसऱ्या कानाला ऐकू आलं असावं.

"करतो की," तो म्हणाला. "पण साहेब, पळायचंच लई बोलायलात. थांबायचं काय?"

अडाणी माणूस, म्हणून मी हसून सोडून दिलं.

तीन आठवड्यांनी इंजिन तयार झालं. पिस्टन नवे, कार्बोरेटर मी म्हटलेलाच. शिवाय मला न विचारता चारही चाकांचे ब्रेक बदललेले. मला रागच आला.

परतताना गाडी खरंच उधळली. नळेगावच्या अलीकडं वळण घेतलं, तर समोर उसाची ट्रॉली आडवी. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी उसापासून वीतभर अंतरावर थांबली.

आभार मानायला त्याला फोन लावला, पण तज्ज्ञाच्या तोंडून निघालं, "मिस्त्री, ब्रेक जरा कडक झालेत."

"असू द्या," तो म्हणाला. "म्हैस होती का ट्रॉली?"