बोट पाण्यात घालायची की नाही

केरीच्या कमलला कशाची भीती वाटत नसे ते सांगणं सोपं आहे. कशाकशाची वाटे ते सांगायला बसलं तर दिवस मावळायचा. विजेचा कडकडाट, तार घेऊन येणारा शिपाई, भरदुपारी रडणारं कुत्रं, रिकामा पाळणा हलवणारी पोरं, आणि समुद्र. समुद्राची तर इतकी, की घराचं पश्चिमेकडचं जनेल ती उघडायची नाही. वारा हवा असेल तर पंख्याने घ्यावा, असं तिचं म्हणणं, आणि पंखा सुरू केला की तो डोक्यावर पडेल याची काळजी.

अशा बाईने खलाशाशी लग्न करू नये हे कुणीही सांगितलं असतं. पण तिला विचारलं कुणी? ती मूळची नार्व्याची. तिचे वडील धाकू. ते नदीकाठी शेती करायचे आणि पावसाळ्यात चवथीचे गणपती. चिकणमाती मळणं, ओल्या फडक्याने मूर्तीची पाठ गुळगुळीत करणं, बारीक कुंचल्याने बोटांची नखं रंगवणं ही कामं कमल लहानपणापासून करायची. मन सशाचं आणि हात मात्र एकदम धीट. कृष्णनाथाचं स्थळ आलं तेव्हा पगार चांगला, घर स्वतःचं, सासू एकटी, एवढंच पाहिलं गेलं. तो तेलाच्या बोटींवर काम करतो ही गोष्ट तिला लग्नानंतर नीटशी कळली, आणि मग ती कळतच राहिली.

कृष्णनाथ वर्षातले बरेच महिने बाहेर. सुटीवर यायचा तेव्हा परदेशातल्या कुठल्या कुठल्या बंदरातून पुठ्ठ्याचे खोके आणायचा. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले शेकडो बारीक तुकडे. ते जोडले की बोट तयार, अगदी खऱ्यासारखी, हातभर लांब. सासू सत्यवती म्हणायची, "ह्या काय पोरांचा खेळ! बायलेकडे बोलूक घराक येता, आणि तुकडे चिकटयत बसता." पण तो मेजावर जुनं वर्तमानपत्र पसरून बसला की ती स्वतःच चहा घेऊन तिथे घुटमळायची.

कमल शेजारी बसायची. तिला त्यातलं पटापट उमजलं, कारण काम ओळखीचं होतं. सगळे तुकडे आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. चौकटीपासून तुकडा वेगळा करताना कृष्णनाथ नखं कापायची कात्री घ्यायचा. "मोडूचो नाय, कापूचो," तो म्हणायचा. "हातान मोडलंस काय तेच्या आंगाचो लचको निघता." थोडं देठ ठेवून कापायचं, उरलेलं नंतर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं. कुठलाही तुकडा गोंद लावण्याआधी कोरडाच जोडून बघायचा. गोंद सुईच्या टोकावर राहील एवढाच, कारण जास्त झाला तर तो प्लास्टिक खातो. जोड पक्का होईपर्यंत कपड्याचे चिमटे लावून ठेवायचे आणि वाट बघायची. रंग जाड लावायचा नाही, पातळ लावायचा, सुकू द्यायचा, पुन्हा लावायचा.

"आणि पावसात रंग लावू नको," हे तो बजावून सांगायचा. "दमट हवेत रंग पांढरो पडता. लावलंसच तर गप रव. घाई केलंस काय गेला."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी इराण-इराकची लढाई समुद्रात उतरली होती. आखातातून जाणाऱ्या तेलाच्या बोटींवर कोण कुठून काय सोडील याचा नेम नव्हता. कृष्णनाथाची बोट त्याच वाटेने जायची. त्याने नेमकं त्या सुटीत तेलवाहू बोटीचं खोकं आणलं होतं. तळ जोडून झाला, वरचे मजले उभे राहिले, आणि बोलावणं आलं. निघताना तो कमलला म्हणाला, "तू पुरी कर. दिवाळेक येतलंय तेव्हा बघतंय."

तो गेला. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. पावसाळा लागला. संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या की सासू-सुना रेडिओपुढे बसायच्या. कधी एक बोट पेटली, कधी दुसरीला भगदाड पडलं. निवेदक कधी बोटीचं परदेशी नाव घ्यायचा, कधी नाहीच. नाव घेतलं तर ते वेगळं असल्याचं समाधान जेमतेम जेवण होईपर्यंत टिकायचं. नाव घेतलं नाही त्या दिवशी जेवणच व्हायचं नाही.

अशा दिवसांत माणूस काहीतरी धरून बसतं. सत्यवती ती प्लास्टिकची बोट धरून बसली. एका सकाळी कमलने पाहिलं तर बोटीपुढे जास्वंदीचं फूल. दुसऱ्या दिवशी फूल आणि उदबत्ती. "बोट पुरी झाली काय तो येतलो," सासू म्हणाली, इतक्या सरळपणे, की जणू कुणी तिला तसा निरोपच दिला होता. कमलला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही, कारण गेले कित्येक दिवस तिच्याही मनात तेच होतं. बोट पुरी झाली तर नवरा येईल. आणि बोटीचं काही झालं तर? हा पुढचा प्रश्न दोघींपैकी कुणी तोंडाने काढला नाही.

कमल दिवसभराचं काम उरकून बोटीला बसायची. बारीक शिड्या, होड्या, नळ्या एकेक चिमट्याने उचलून बसवल्या. हात जराही हलत नव्हता. मन मात्र प्रत्येक तुकड्याला म्हणायचं, हा वाकडा बसला तर त्याला काही होईल. तुकडे संपले आणि रंग तेवढा राहिला. बाहेर पाऊस धो धो. नवऱ्याचं बजावणं तिला तोंडपाठ होतं, तरीही तिने तळाला तांबडा रंग लावला. चवथ जवळ आली होती, पत्र नव्हतं, आणि वाट बघण्याचा धीर तिच्याकडे मुळात कधी नव्हताच.

रंग सुकेना. हाताचं बोट लावलं की चिकटायचं, आणि कडेने पांढुरकी साय धरू लागली. तेव्हा कमलने ते केलं जे धाकूच्या लेकीला करावंसं वाटणं अगदी साहजिक होतं. भर पावसात मूर्ती सुकत नसत तेव्हा वडील घमेल्यात निखारे घेत, त्यांवर राख पसरत, आणि फळीवर मूर्ती ठेवून खालून ऊब देत. मातीला ते मानवतं. कमलने घमेलं भरलं, राख पसरली, दोन विटांवर फळ्या टाकून मधल्या फटीवर बोट ठेवली, आणि विहिरीवर गेली.

परत आली तर बोट मधोमध खचलेली. पुढची नाळ वर, मागचं शेपूट वर, आणि पोट खाली फटीत गेलेलं. पाठीचा कणा मोडल्यावर जनावर बसतं तशी ती बसली होती.

कमलच्या हातून कळशी पडली. तिने बोट उचलली, सुपाखाली झाकली आणि चुलीशी जाऊन बसली. आपण काय केलं हे तिला ठाऊक होतं, म्हणजे तिला वाटत होतं की ठाऊक आहे, आणि भित्र्या माणसाला तेवढं पुरतं. त्याच संध्याकाळी रेडिओने सांगितलं, आखातात एका तेलवाहू बोटीवर हल्ला, काही खलाशी बेपत्ता. नाव सांगितलं नाही.

सकाळी सत्यवती फूल घेऊन आली, मेजावर बोट नाही. तिने सूप उचललं. फूल हातातच राहिलं.

"माझ्या झिलाची पाठ मोडलंस गो तू," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर कमलला सोसलं असतं. ती अगदी हळू म्हणाली.

तो दिवस त्या घरात दोघी दोन खोल्यांत राहिल्या. पण कमलचे हात तिचं ऐकत नसत. ते त्या वाकलेल्या बोटीवर फिरत राहिले, कुठे खचलीय, कुठे अजून सरळ आहे ते चाचपत. चाचपता चाचपता तिला आठवलं. कृष्णनाथाच्या एका प्लास्टिकच्या बोटीची डोलकाठी उन्हात वाकली होती. त्याने ती कढत पाण्यात बुडवली, मऊ झाल्यावर दोन पट्ट्यांमध्ये सरळ दाबली, आणि तशीच गार पाण्यात धरली. प्लास्टिक गरम पाण्याने वळतं आणि गार पाण्याने थिजतं.

उपाय होता. पण उपाय म्हणजे बोट पाण्यात बुडवणं. सबंध बुडवणं, आणि दाबून धरणं. धाकूच्या घरी रंगवून पुऱ्या झालेल्या, फूल वाहिलेल्या वस्तूला पाण्यात घालणं याचा एकच अर्थ होता, आणि तो म्हणजे तिला पोचवणं, तिचं विसर्जन करणं. कमलला ते डोळ्यांपुढे दिसलं आणि तिने दोन्ही हात पदरात लपवले.

तरी तिने सासूला सांगितलं. सत्यवतीने कानांवर हात ठेवले. "बुडव म्हणतंस? माझ्या देखत?"

शेवटी दोघी कौल लावायला देवळात गेल्या. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला फुलांच्या पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली तर बोट पाण्यात घालायची, डावी पडली तर नाही. दोघी हात जोडून बसल्या. भटजींनी पुन्हा विनवलं. पाकळी हलेना, उजवी नाही की डावी नाही. माणसं येऊन दर्शन घेऊन गेली, भटजींनी जानवं सावरलं, जांभई दाबली. पाकळ्या जागच्या जागी. "देव आज बोलणत नाय," ते म्हणाले, आणि या दोघी पावसात भिजत घरी आल्या. देवानेही अंग काढून घेतल्यावर माणसाने कुणाकडे बघावं? इतकी भीती कमलला आयुष्यात वाटली नव्हती. या गोष्टीचा निकाल आता तिच्यावरच येऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिने न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या हंड्याखाली, जाळ केला. पाणी कढत झालं तेव्हा जाळ बाहेर ओढला. शेजारी गार पाण्याची बालदी ठेवली. बोट एका सरळ फळीवर ठेवून फडक्याच्या पट्ट्यांनी सैलसर बांधली, दोन्ही हातांना ओली फडकी गुंडाळली. भाणावर बोट धरली आणि तिला पुढे काही करवेना. वाफ तोंडावर येत होती. ती तशीच उभी राहिली.

मागून सत्यवती आली. तिने सुनेच्या एका हाताचं फडकं सोडवून स्वतःच्या हाताला गुंडाळलं आणि फळीचं दुसरं टोक धरलं. "एकट्यान करूचा काम न्हय ह्या," ती म्हणाली. "आपल्या पोराक पाण्यात घालतलंय तर मीच घालतलंय. सोड खाली."

दोघींनी बोट खाली नेली. पाणी वरच्या मजल्यांवर चढलं, तांबडा तळ दिसेनासा झाला. म्हातारी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. कमलला डोळे मिटून चालणार नव्हतं. प्लास्टिक हाताखाली नरमलेलं तिला कळलं, तशी तिने मधला खचलेला भाग अंगठ्यांनी फळीला टेकवला आणि ओरडली, "आता!" दोघींनी उचलून बालदीत धरली. पाणी चुर्र वाजलं नाही, काहीच झालं नाही. बराच वेळ दोघी वाकून बालदीत हात घालून बसल्या, बोटं बधिर होईपर्यंत.

बोट सरळ झाली. तळाचा रंग जागोजागी उडाला, दोन होड्या निसटल्या, पण कणा सरळ. सत्यवतीने पोर कडेवर घ्यावं तशी ती छातीशी धरली आणि मग रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "रंग आता पाऊस सरल्यार लाव." कमल नको म्हणणार होती थोडीच.

कृष्णनाथ दिवाळीला आला. त्याच्या बोटीला काही झालं नव्हतं. ती दुरुस्तीसाठी एका बंदरात अडकून पडली होती आणि टपाल दुसऱ्याच बंदरात साठत होतं. आईने त्याला चाचपून चाचपून पाहिलं, कमल दाराआडून बघत राहिली, आणि घरात कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवणं झाली. बोट पाहून तो मोठ्याने हसला. सगळी कथा ऐकून आणखी हसला. दोन होड्या तेवढ्या बसवायच्या राहिल्या आहेत म्हणाला, त्या मीच लावतो.

तो मेजाशी बसला. चिमट्यात होडी धरली, सुईवर गोंद घेतला. कमल शेजारी होती. सुई हवेत थरथरत होती. त्याने हात टेकवला, पुन्हा उचलला. होडी चिमट्यातून सुटून खाली पडली. त्याने उचलली, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने ती उचललीच नाही, दोन्ही हात मेजाखाली नेले आणि मांड्यांमध्ये दाबून धरले.

कमलने त्याच्याकडे पाहिलं. सुटी संपली की त्याला पुन्हा त्याच वाटेने जायचं होतं.

"तुमका भंय वाटता?" तिने विचारलं.

"पयल्या दिवसापासून," तो म्हणाला.

"मगे कधी सांगलात नाय तां?"

"तू येवढा भियतंस," कृष्णनाथ म्हणाला. "मगे ह्या घरात मी खंय भियाचा?"

कमलने खाली वाकून होडी शोधली. तिच्या जागी ती बसवली, गोंद लावला आणि सुकेपर्यंत बोटाने धरून ठेवली. मग त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "तुमी आता जाव नकात. मी सांगतंय तुमच्या आवशीक."