ओढ्यातली भिंत

खुर्ची आधी दिली. मग गड्याला सांगून माझ्यादेखत उचलून नेली.

डिंभ्याच्या धरणाकाठी, उतारावर, पुण्याचा एक शेठ बंगले बांधत होता. पहिले पुरे झालेले, पुढचं काम चालू. राहायला माणसं यायची तर भोगवट्याचा दाखला लागतो. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय का, ते बघायला कचेरीनं मला पाठवलं होतं. मी नवा कनिष्ठ अभियंता.

"या साहेब, बसा साहेब." शेठच्या कमरेला मोबाईल. रेंज नसलेला.

तेवढ्यात डोक्यावर घमेलं घेऊन मावशी आली. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, ती. मला बघितलं नि मान खाली घातली. अनोळखी झाली. चारचौघांत मला कमीपणा यायला नको म्हणून.

मी उठलो. "मावशे," म्हणालो. तिच्या पाया पडलो.

शेठ हसला. "अरे, म्हणजे तू ह्यांच्यातलाच! कोट्यातून लागलास का?" मग गड्याला, "ती खुर्ची उचल. ह्याचा चहा तिकडं दे, बिगाऱ्यांत."

साहेबाचा तू व्हायला एवढाच वेळ लागला.

"सही कर नि नीघ."

मावशी पुटपुटली, "जा बाळा. माज्यापायी वाकडं घेऊ नको."

कानशिलं तापली होती. चहा तसाच ठेवला. बंगल्यांमागं गेलो. नकाशात ओढा मोकळा. जागेवर ओढ्याच्या पात्रात दगडी भिंत, वर भराव, भरावावर बाग. खाली आमची वाडी. ओढा तुंबला की पाणी वाडीतच शिरणार.

मी अहवाल लिहिला. बांधकाम नकाशाप्रमाणे नाही. दाखला देऊ नये.

"राव, सगळेच सही करतात," कचेरीतले माझे साहेब म्हणाले. "बदल की."

नाही बदलला.

दाखला अडला, पुढच्या बंगल्यांचं काम थांबलं. मावशीची मजुरी गेली, वाडीतल्या सगळ्यांचीच गेली. मी वाडीत गेलो तर मावशीचा थोरला आडवा आला.

"तुला पगार हाय. आमच्या चुलीचं काय?"

"पाणी घरात शिरंल, भाऊ."

"पानी पावसाळ्यात यील. भूक आजच हाय."

मावशीनं तांब्याभर पाणी दिलं नि चुलीकडं वळली. दिवाळीला मला कुणी बोलावलं नाही. कचेरीत डबे उघडले की गप्पा थांबायच्या. भाड्याच्या खोलीवर मी एकटाच जेवायचो, रेडिओ मोठ्यानं लावून.

शेठनं अपील केलं. सुनावणीला पुण्याला एकटाच गेलो. त्याच्या वकिलानं विचारलं, "तिथं तुमचे नातेवाईक राहतात. म्हणून हे लिहिलंत ना?"

"राहतात," मी म्हणालो. "लपवलेलं नाही. भिंत ओढ्यात आहे की नाही, ते जाऊन बघा."

कुणी बघायला गेलं नाही. काल पुन्हा पुढची तारीख पडली. साहेब म्हणाले, त्या दिवशी आजारी पड.

मी जाणार. प्रत्येक तारखेला जाणार. वाडी बोलो, न बोलो. ती भिंत निघेपर्यंत अहवालातला काना-मात्रा हलणार नाही.