माठातला लाल तवंग

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी मागून परत आलो. तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला चेहऱ्यानं ओळखत नाही — आणि तरीही लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

गोष्ट तशी एका पेल्याची आहे. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं वाटेल तुम्हाला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

मी कोकणातला. सातवीत शाळा सुटली. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा काम शोधत वऱ्हाडात आलो आणि रिसोडच्या एका कचेरीत हंगामी शिपाई म्हणून लागलो. लागलो म्हणजे — लावलं इंगोलेभाऊंनी. ते तिथले टायपिस्ट. माझा अर्ज त्यांनीच टाइप केला, माझ्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला. पहिले दोन महिने मी जवळच्या रिठदला, त्यांच्या गावी, त्यांच्या ओसरीवर झोपलो, त्यांच्या घरचं जेवलो. घरात बुद्धाची तसबीर होती. मला तिथं कुणी जात विचारली नाही. आईला पत्रात मात्र मी एवढंच लिहिलं — खोली मिळाली आहे.

कचेरीच्या मागं एक चिंचोळी खोली होती. स्टोव्ह, चहाचं पातेलं, भिंतीतल्या खिळ्यांना ज्याचे त्याचे कप, कोपऱ्यात तिवईवर माठ. तिथली रीत मला हेडक्लार्क नानांनी पहिल्याच दिवशी शिकवली. आपला कप आपण विसळायचा, स्टोव्हची पिन जागेवर ठेवायची, आणि माठात पेला कधी म्हणजे कधी बुडवायचा नाही — ओगराळ्यानं काढून वरून ओतायचं. एक गोष्ट त्यांनी तोंडानं सांगितली नाही, ती बघून कळली. इंगोलेभाऊ ओगराळ्याला हात लावत नसत. ते पेला पुढं धरत, दुसरं कुणी ओतत असे. ते कचेरीत लागल्यापासून सात वर्षं असंच चाललेलं.

मग नवे साहेब आले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ज्यानं त्यानं आपलं पाणी आपल्या हातानं घ्यावं. त्या दुपारी भाऊंनी पहिल्यांदा स्वतः पाणी काढलं. प्यायले, ओगराळं परत खिळ्याला अडकवलं. मी बघत होतो. नानाही बघत होते.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. साहेब दौऱ्यावर होते. दुपारी भाऊंनी नेहमीसारखा डबा माझ्यापुढं सरकवला. वांग्याची भाजी, वर बोटभर लाल तेल. वहिनींच्या हातचं तिखट सगळ्या कचेरीला ठाऊक होतं, आणि मी नारळावर वाढलेला. डोळ्यांतून पाणी यायचं. “रडून कायले राह्यला बे कोकण्या? भाजी खायले आला का मयतीले?” म्हणून ते हसायचे.

त्या दिवशी ठसकाच लागला. धावत आत गेलो. उष्टा पेला हातात, ओठ तेलकट, बोटं तेलकट. ओगराळं — दिसलं मला. हातभर अंतरावर होतं. मी पेला माठात बुडवला. एकदा नाही, दोनदा. पाण्यावर लाल तवंग पसरला. मी झाकण ठेवलं.

झाकण का ठेवलं? ठसका लागला हे कुणालाही सांगता आलं असतं. पण झाकण ठेवलं तेव्हा ठसका थांबलेला होता.

तासाभरानं नाना पाणी प्यायला गेले आणि त्यांनी सगळ्यांना हाक मारली. तवंग कुणाच्या डब्यातला, हे विचारायची गरज नव्हती. “घ्या! घ्या आता हातानं पानी!” सगळे माठाकडं नाही, इंगोलेभाऊंकडं बघायला लागले. ते म्हणाले, “म्या पेला बुडोला नाई.” एवढंच. मग नाना माझ्याकडं वळले — माठ भरणारा मी. “तू सांग बे. कोनाले पाह्यलं?”

मी म्हणालो, मी बाहेर होतो.

माठ फोडायचा ठरला. फोडायचं काम माझं. मागच्या लिंबाखाली दगडावर आपटला. आत टाइपरायटर चालू होता, तो थांबला. मी खापरांपाशी उभा राहिलो. बराच वेळ तो परत सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ घरून फिरकीचा तांब्या आणायला लागले. साहेबांनी परतल्यावर विचारलं, तर म्हणाले, घरचं पाणी बरं वाटतं. त्यांची बदली होईपर्यंत, पाच वर्षं, त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मधे मी कायम झालो. तो कागदही त्यांनीच टाइप केला.

एक राहिलंच. माठ फोडला त्या संध्याकाळी स्टँडवर त्यांनी मला विचारलं, “कोन होतं रे? तुले काई दिसलं का?” मी मान हलवली — नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या तुयासाठी तिखट कमी टाकाले सांगतो.”

कळलं होतं का त्यांना? मला माहीत नाही. ते वारले तेव्हा रिठदला जाऊन आलो. वहिनींनी तांब्या पुढं केला. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

माठ फोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाजी खरंच कमी तिखट होती. मी पोटभर खाल्ली. मग आत जाऊन नव्या माठातलं पाणी ओगराळ्यानं काढलं, वरून ओतलं, प्यायलो. परत आलो तेव्हा भाऊ टेबलाखाली वाकून तांब्याची फिरकी उघडत होते.