साखरेच्या डब्याचं झाकण

स्वयंपाकघरातली फळी पुसताना आज कागदाची एक पिवळी पडलेली घडी हाताला लागली आणि ती दुपार आठवली. मुंबईची नोकरी संपवून कायमचे रत्नागिरीला येताना बाबांनी जुन्या स्टिरिओसाठी हौसेनं गाण्यातला खर्ज घुमवणारा सबवूफरचा खोका आणला होता. स्टिरिओच्या वायरी त्यांनी आधी त्या काळ्या खोक्याला जोडल्या, तिथून दोन्ही स्पीकरना नेल्या आणि खोक्याची वेगळी पिन भिंतीत खोचली. खोक्यावरचा दिवा लागला, गाणंही सुरू झालं. पण सगळा आवाज स्पीकरमधूनच येतोय असं वाटत होतं. बाबांचा चेहरा पडला. "दुकानदारानं फसवलंन मला," ते म्हणाले. तेवढ्यात आई आतून ओरडली, "अहो, हा साखरेचा डबा कशाला खडखडतोय सारखा?" मी खोक्याची पिन काढली. डबा गप्प झाला आणि गाणं पाणी घातलेल्या सोलकढीसारखं पातळ झालं. पिन लावली, गाणं भरलं, झाकण पुन्हा वाजायला लागलं. मग बाबाच पिन काढत-लावत बसले, कितीतरी वेळ. शेवटी वैतागून आईनं झाकणाखाली कागदाची घडी सरकवली. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. आई अजून गाणी लावते, पण त्याआधी आत येऊन ती घडी काढून ठेवते.