मायनं निवडलेली डबी

माझे वडील कोणतीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय घेत नसत. टरबूज, मडकं, नारळ तर सगळेच वाजवतात. बाबा कौलं वाजवत, बैलगाडीचं चाक वाजवत, कंदील घेताना त्याची टाकीसुद्धा वाजवत. नखानं एक टिचकी मारायची, मान तिरपी करून ऐकायचं आणि मग घ्यायचं किंवा ठेवून द्यायचं. माझं लग्न ठरवताना जावयाला तेवढं वाजवून पाहिलं नाही, असं मी त्यांना पुढे बरीच वर्षं ऐकवत असे. ते दरवेळी नव्यानं हसत.

कारंजा गावाबाहेर, कामरगावच्या वाटेवर आमचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे आणि उन्हाळ्यात टरबुजं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते आणि आल्या दिवसापासून चिडलेली होते. पाय सुजलेले, ऊन रणरणतं, आणि घरात प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून बोलायचं, कारण मायचे कान जात चालले होते.

दोनेक वर्षांपूर्वी तिला लांबलेला ताप आला होता. ताप उतरला तो कानांतलं बरंचसं घेऊनच. अगदी बहिरी नव्हती ती. जवळ येऊन मोठ्यानं बोललं की तिला कळे, पण हळू बोललेलं, लांबून हाक मारलेली, पाखरांचं, पाटाच्या पाण्याचं, सगळं गेलं होतं. यावर तिनं एक उपाय काढला होता. समोरचा काय बोलतो ते कळलं नाही, की हसून मान हलवायची. त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा.

आणि ही बाई म्हणजे पंचक्रोशीत पाळणे म्हणणारी! कुणाचंही बारसं असो, पाळण्याची दोरी हातात घेऊन पहिला पाळणा म्हणायचा तो आमच्या मायनं. बोलावणं यायचंच. पण तापानंतर कामरगावच्या एका बारशात ती गाता गाता सुराबाहेर गेली. तिला ते कळलं नाही. कळल्या त्या बायकांच्या नजरा. एकीनं तोंडाला पदर लावला म्हणे. मायनं तो पाळणा पुरा केला, दोरी दुसरीच्या हातात दिली, आणि त्यानंतर ती कुठल्याच बारशाला गायली नाही. मळ्यात भाजीच्या जुड्या बांधताना गुणगुणायची तेही तिनं सोडलं.

मी आल्यावर तिनं मला सांगून टाकलं, की तुझ्या लेकराचा पाळणा धनजची मावशी म्हणेल, तिला निरोप धाडला आहे. मी म्हटलं, मग बारसंच करू नका. ती हसली आणि तिनं मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं, की गेलं होतं म्हणून हसली, देव जाणे. मी भांडी आपटत बसले.

बाबांना मात्र एक गोष्ट सुचली. आमच्याकडे एक जुना फोनो होता, चावी भरून वाजवायचा. कापसाच्या जिनिंगवर कामाला असलेले एक बाबू बदली झाल्यावर सामान विकून गेले, तेव्हा बाबांनी तो घेतला होता. अर्थात वाजवून. त्याच्या चार-पाच तबकड्यांत एका बाईनं गायलेल्या पाळण्याची एक होती. माय तिच्यावर जीव टाकायची. पण फोनोच्या नळीला पुढे जी गोल डबी असते, जिच्यात पिन बसवतात आणि जिच्यातून सगळा आवाज उमटतो, ती डबी खराब झाली होती. तिच्यातलं रबर वाळून दगड झालं होतं आणि आतली चकती फुटली होती. तबकडी लावली की नुसता खरखराट निघायचा. दुकानदार त्या डबीला साउंडबॉक्स म्हणत. आमच्या घरी ती डबीच.

बाबांचं म्हणणं असं, की डबी बदलू. सूर पुन्हा कानात गेला की गळ्यात येतो. अजून बाळ यायला दीड-दोन महिने होते. तेवढ्यात मायचा गळा सुरावर बसेल, आणि आपल्या नातवाचा पाळणा ती स्वतः म्हणेल. मला हे इतकं पटलं, की आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना स्वतःहून चहा करून दिला.

कारंज्यात एक घड्याळवाले चाचा होते. घड्याळांबरोबर फोनोही दुरुस्त करायचे. बाजारात माल उतरवून बाबा त्यांच्याकडे गेले. नवीन कोरी विलायती डबी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, ते चाचांनाही माहीत होतं. त्यांनी दोन ठेवणीतल्या काढल्या. एक जुनी पण चांगली, आत अभ्रकाची पातळ चकती. दुसरी हातात धरून न्यायच्या हलक्या फोनोची, आत ॲल्युमिनिअमचा पत्रा, ज्याला आमच्याकडे जर्मन म्हणतात. बाबांनी सवयीप्रमाणे अभ्रकावर टिचकी मारायला नख उचललं, तसा चाचांनी त्यांचा हातच धरला. हे टरबूज नाही भाऊ, असं म्हणाले म्हणे. मग त्यांनी दोन्ही डब्या आपल्या फोनोवर लावून ऐकवल्या. अभ्रकाची गोड वाजली, जर्मनची कर्कश. बाबांनी मान तिरपी करून ऐकलं आणि गोड ती घेतली. कुणीही तीच घेतली असती.

संध्याकाळी ओसरीत फोनो लावला. शेजारच्या मळ्यातली माणसंही येऊन बसली. बाबांनी चावी भरली, नवी पिन बसवली, आणि त्या बाईचा आवाज असा निघाला की माझ्या अंगावर काटा आला. लोण्यासारखा आवाज. मायला आम्ही अगदी समोर बसवलं होतं. ती हसत होती, मान हलवत होती, तालात हलवते आहे असं वाटत होतं. बाबा तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा फार वेळा पाहिलं नाही.

पाळणा संपला. पिन शेवटच्या रेघेत नुसती घासत राहिली. आणि माय अजून हसत मान हलवतच होती.

बाबांनी पिन उचलली. शेजारी उठून गेले. मला रडूही येत होतं आणि रागही आवरत नव्हता, आणि समोर बाबाच होते, तेव्हा मी तो त्यांच्यावरच काढला. तुम्ही काय ऐकून आणलंत, त्या डबीचा आवाज तिच्यापर्यंत पोचतोय का हे पाहायला नको होतं का, असं बरंच बोलले. ते नुसते तबकडी पुसत राहिले.

मी इतकं मोठ्यानं बोलले की ते मात्र मायला सगळं ऐकू गेलं. ती उठली, बाबांच्या हातातून तबकडी घेतली आणि म्हणाली, "तिले बोलू द्या, खरं बोलून राह्यली ते. तुमी तुमच्या कानासाठी आनली डबी. माह्यासाठी आनाची होती, तं मले न्याचं होतं."

दोन वर्षांत तिनं कानांचं नाव स्वतःहून काढलं ते तेव्हा.

बाजाराच्या दिवशी ती गाडीत बसली. मीही बसले. एवढं पोट घेऊन गाडीत जाऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून तर नक्कीच बसले. टरबुजांवर घोंगडी टाकून आम्हा दोघींना आणि आमच्या फोनोला जागा केली होती. वाटेत मायनं काय केलं, तर एक टरबूज मांडीवर घेतलं, डावा तळवा खाली लावला आणि वरून उजव्या हातानं थाप मारली. मग दुसरं घेतलं. एकीकडे पिकलेली, एकीकडे कच्ची, अशी ती वाटभर लावत गेली. बाबांसारखी मान तिरपी करत नव्हती. मी तिला आयुष्यभर हे करताना पाहिलं होतं, पण ती कानानं नव्हे, तळव्यानं ओळखते हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

चाचांच्या दुकानात तिनं तेच केलं. चाचांच्या फोनोच्या लाकडी पेटीवर डावा तळवा ठेवला, डोळे मिटले आणि लावा म्हणाली. आधी अभ्रकाची डबी लावली. माय नुसती उभी राहिली, हसली नाही, मान हलवली नाही. मला ते फार बरं वाटलं. मग जर्मनची लावली. पिन टेकली मात्र, तिच्या भुवया वर गेल्या. ती पेटीवर वाकली, कान डबीपाशी नेला, पण तळवा उचलला नाही. बाहेर रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत बघायला लागला, इतका तो आवाज चरचरत होता. थोड्या वेळानं मायचा अंगठा लाकडावर ताल धरू लागला.

चाचा भले माणूस. त्यांनी बजावलं, "भाभी, ही लै कर्कश हाये. लोक नेतात अन् परत आनून देतात."

"मी नाई आनत परत," माय म्हणाली.

त्यांनी अभ्रकाची डबी परत घेतली. एक अडचण मात्र निघाली. आमच्या जुन्या फोनोची नळी आणि या डबीचं तोंड जुळत नव्हतं, डबी ढिली बसत होती. चाचांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, नळीला गुंडाळली आणि डबी वर घट्ट बसवून दाखवली. जाताना मायनं त्यांना गाडीतलं एक टरबूज काढून दिलं. स्वतः थाप मारून, निवडून.

घरी आल्यावर ओसरीत पुन्हा तबकडी लावली. या वेळी शेजाऱ्यांना बोलावलं नव्हतं, पण आवाज त्यांच्या मळ्यापर्यंत आपसूकच गेला. तोच पाळणा, तीच बाई, पण लोणी कुठल्या कुठे गेलेलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी. बाबांचं तोंड कडू झालं होतं, पण ते तिथून हलले नाहीत. माय पेटीला तळवा लावून, कान देऊन बसली होती. पाळणा निम्म्यावर आला तेव्हा तिनं आमच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती, पण ते आधीचं, न कळल्यावरचं हसू नव्हतं.

"बाई म्हातारी झाली वाटते," ती म्हणाली. "आवाज पार चिरला हिचा. झाली तं झाली. गाऊन तं राह्यली."

मी पोट धरून हसले आणि मग बसून पोटभर रडले.

त्यानंतर रोज दुपारी तो पाळणा वाजे. पिन झिजली की बाबाच नवी बसवत. त्या चरचराटाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण दुपारी विहिरीवर त्यांना फार कामं निघू लागली. माय आधी नुसते ओठ हलवायची. मग गुणगुणायला लागली. मग एक दिवस मी आत पडले असताना दोन बायका गाताहेत असं वाटलं, आणि दुसरी कोण हे कळायला मला जरा वेळ लागला. कधी ती घसरायची. मग थांबायची, पिन मागे आणायची, तळवा लावायची आणि तीच ओळ पुन्हा.

मला मुलगा झाला. बारशाला धनजची मावशी आली होती, पाळणा म्हणायच्या तयारीनं. कामरगावच्या बायकाही आल्या होत्या, त्यांत ती पदरवालीही होती. आढ्याला टांगलेल्या पाळण्यात बाळ घातलं. मावशी दोरी घ्यायला पुढे झाली, तशी मायनं ती आपल्या हातात घेतली. मी त्या पदरवालीकडेच बघत होते, म्हटलं हिला पदर तोंडाला लावू दे, बाळंतीण असले म्हणून काय झालं, उठून जाब विचारते.

मायनं एक हात पाळण्याच्या लाकडावर ठेवला आणि सुरू केलं. आवाज पूर्वीसारखा गोड नव्हता. मोठा होता, थोडा फाटका होता, पण एका जागीही ढळला नाही. तिसऱ्या कडव्याला मावशी तिच्या सुरात सूर मिळवू लागली, मग इतर बायका. पदरवालीही गात होती.

दारातून मला ओसरी दिसत होती. आढं ज्या खांबावर टेकलं होतं त्याच्याशी बाबा उभे होते. पाळणा हलला की तो खांब किंचित थरथरायचा. बाबांनी मान तिरपी केली नव्हती. डावा तळवा खांबाला लावून, डोळे मिटून ते उभे होते, आणि गाणं संपून बायका घुगऱ्या वाटायला उठल्या तरी त्यांनी हात काढला नाही.