दोन बोटांचा लॅपटॉप

शेजारच्या भाऊंनी लॅपटॉप घेतला आणि विद्याधर नगरात जो भेटेल त्याला ते तो दोन बोटांनी उचलून दाखवू लागले.

"आत काही नाहीच!" ते अभिमानाने सांगायचे. "सगळं, मतलब, नेटवर. म्हणून तर हलका." बोलून झालं की स्वतःच मान हलवायचे, जणू समोरच्याने आधीच कबूल केलंय.

मुलीसाठी तसाच घ्यावा का, हे बघायला परवा मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो. नेमकी कसलीशी भरतीची परीक्षा होती आणि पेपर फुटू नये म्हणून सरकारने शहरभर नेट बंद ठेवलेलं. भाऊंनी लॅपटॉप उघडला, पण त्यात काही म्हणता काही उघडेना.

"एवढे पैसे घालून?" बायको पटकन बोलून गेली.

भाऊ झाकण मिटून, लॅपटॉप घेऊन आत निघून गेले. मी बायकोकडे रागाने बघितलं.

थोड्या वेळाने ते बाहेर आले. मिटलेल्या लॅपटॉपवर वाफाळलेल्या चहाचे तीन कप, खाली वेटरसारखा एकच तळहात.

"सांगा वहिनी, स्टीलचा असा उचलता येतो?"

बायको नाही म्हणाली. भाऊंनी मान हलवली, कप आमच्या हातात दिले आणि बिस्किटं आणायला आत गेले, ट्रे घेऊन.